महागड्या शहराच्या पोटातले स्वस्त शहर

(वाचकांचे प्रश्न : सिंगापूर, सॅक पाठीला लावून)

मागील अंकात परदेशातील कमी खर्चाच्या भटकंतीविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागविले होते. आलेली बहुतेक पत्रे सिंगापूरविषयीची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच शहराला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. हिशोबासाठी सिंगापूरचा एक डॉलर ७० रुपयांचा धरला असून किमती अंदाजाने दिल्या आहेत; निघण्याच्या आठवड्यात दोन्ही पाहून घ्यावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांचा खर्च वगळता माझ्याजवळ ३५ हजार रुपये उरतात. सिंगापूर हे जगातले सर्वांत महाग शहर आहे, त्यापेक्षा बँकॉकला जा, असे घरचे सांगतात. एवढ्या पैशांत पाच दिवस निघतील का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

घरच्यांचे म्हणणे निराधार नाही. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महागड्या शहरांच्या यादीत सिंगापूर झुरिकच्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर होते. पण अशी यादी कोणासाठी केली जाते हे पाहिले, की तिची धास्ती बरीच ओसरते. परदेशी बदलीवर पाठविलेल्या अधिकाऱ्याला किती भत्ता द्यावा हे कंपन्यांना ठरविता यावे, हा त्या पाहणीचा एक मुख्य उपयोग आहे. त्यामुळे मोटार, मद्य, तंबाखू, कपडे अशा गोष्टींच्या किमती तिच्यात मोजल्या जातात. सिंगापूरमध्ये मोटार घेण्याआधी ती दहा वर्षे बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो आणि अलीकडच्या काळात त्या नुसत्या परवान्याची किंमत अनेकदा एक लाख डॉलरच्या वर गेली आहे. मद्यावर आणि सिगारेटवर जबर कर आहे. तुम्ही पाच दिवसांत मोटार विकत घेणार नाही, असे मी गृहीत धरतो.

आता दुसरी बाजू पाहा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या तेथील सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत आजही सुमारे चार-पंचमांश रहिवासी राहतात. या वसाहतींच्या पायथ्याशी भाजीबाजार, खाण्याचे गाळे, बसस्थानक आणि जवळपास कोठेतरी वाचनालय असते. टॅक्सीचालक, कारकून आणि निवृत्त शिक्षक यांना दिवसातून दोनदा तेथेच जेवावे लागते, म्हणून तेथील दर आवाक्यात राहतील याची सरकार काळजी घेते. मोटारींची संख्या मुद्दाम रोखलेली असल्यामुळे बस आणि मेट्रो सर्वांना परवडेल अशी ठेवावीच लागते. एकाच बेटावर अशी दोन शहरे आहेत, आणि दुसऱ्या शहरात शिरताना परक्या माणसाकडे कोणी रेशनकार्ड मागत नाही. ज्याला थोड्या पैशांत सिंगापूर पाहायचे आहे, त्याने पर्यटकासाठी सजविलेले शहर दुरून पाहावे आणि मुक्काम, जेवण व प्रवास मात्र या दुसऱ्या शहरात करावा, एवढेच माझे सांगणे आहे. पुढची सारी उत्तरे त्याच्या तपशिलाची आहेत.

तुमचा हिशोब असा बसतो. हॉस्टेलमधील एका खाटेचे रोजचे ३५ ते ४५ डॉलर, दोन जेवणे, न्याहारी आणि दोनदा कॉफी यांचे १५ ते १८ डॉलर, बस-मेट्रोचे चार ते सहा डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे ६५ डॉलर होतात. पाच दिवसांचे ३२५ डॉलर, अर्थात २२,७५० रुपये. उरलेल्या बारा हजारांतून एखाद-दुसरे मोठे तिकीट काढता येईल आणि अडीअडचणीसाठीही काही हाताशी राहील. बँकॉक याहूनही स्वस्त आहे, हे खरे. पण मनात सिंगापूर असेल तर त्याचा उपयोग काय?

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पहिल्यांदाच परदेशी जात आहोत. एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली घेतली तर स्वस्त पडेल असे वाटते. काहींनी असेही सुचविले, की मुक्काम मलेशियात जोहोर बाहरूला करावा आणि रोज पूल ओलांडून सिंगापूर पाहावे. काय करावे? — दोन वाचक भगिनी, नाशिक

दोन्ही नको. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे बेकायदा आहे. सरकारी वसाहतीतील घरासाठी ही किमान मुदत सहा महिन्यांची असून पर्यटकाला ते घर भाड्याने घेताच येत नाही. संकेतस्थळावर कोणी चार रात्रींसाठी ‘घरगुती खोली’ देऊ करीत असेल, तर स्वस्ताईच्या मोहात न पडता पुढे जावे. परवाना असलेले हॉस्टेल किंवा छोटे हॉटेल एवढाच सरळ मार्ग आहे.

जोहोर बाहरूची युक्ती कागदावर आकर्षक दिसते. तेथे खोली निम्म्याहून कमी दरात मिळू शकते, १९२४ पासून वापरात असलेला सेतू जेमतेम एक किलोमीटरचा आहे, आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफीही दिली आहे. परंतु त्या सेतूवरून रोज सकाळी लाखो माणसे कामासाठी सिंगापुरात येतात आणि संध्याकाळी परततात. दोन्ही टोकांना उतरून पारपत्र दाखवायचे, पुन्हा बस धरायची, आणि हेच संध्याकाळी उलट्या दिशेने करायचे. सुटीच्या आदल्या दिवशी तर या येरझाऱ्यांतच अर्धा दिवस जातो. वाचलेल्या हजार-दीड हजार रुपयांसाठी पाचांपैकी दोन दिवस रांगेत घालविणे हा तोट्याचा सौदा आहे. जोहोर पाहायचेच असेल तर सिंगापूर संपवून तिकडे निघावे.

हॉस्टेले मुख्यतः लिटल इंडिया, चायनाटाउन, कम्पोंग ग्लाम आणि लॅव्हेंडर या भागांत आहेत. बरीचशी हॉस्टेले जुन्या दुकानघरांत, म्हणजे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा अरुंद, खोल इमारतींत थाटलेली असतात. जिना उभा असतो आणि उद्वाहन असेलच असे नाही. केवळ स्त्रियांसाठीच्या खोल्या बहुतेक ठिकाणी मिळतात. खाट घेताना खोलीला खिडकी आहे का, हे आवर्जून वाचावे. मी एकदा हे पाहायचे विसरलो आणि तीन दिवस सकाळ झाली की नाही हे घड्याळावरून ठरवीत राहिलो. स्वतःचे छोटे कुलूप न्यावे. वातानुकूलन रात्री हाडे गोठविण्याइतके चालते, म्हणून विषुववृत्ताजवळ जात असूनही सॅकमध्ये पातळ चादर असू द्यावी.

शुक्रवार-शनिवारचे दर इतर दिवसांपेक्षा चढे असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मोटारींची रात्रीची शर्यत होते, त्या आठवड्यात तर साध्या खाटेचाही दर डोळे फिरविणारा असतो. चिनी नववर्षाच्या दोन-तीन दिवसांत मुक्कामही महाग आणि खाण्याचे निम्मे गाळेही बंद, अशी दुहेरी अडचण होते.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा आहे, पत्नी ५८ वर्षांची. सह्याद्रीत तीस वर्षे भटकल्यामुळे सॅक पाठीवर टाकून फिरण्याचे आम्हांस काही वाटत नाही. अडचण जेवणाची आहे. आम्ही शाकाहारी आहोत. पत्नी अंडेही खात नाही. तिकडे फळे आणि पाव खाऊनच दिवस काढावे लागतील का? — एक निवृत्त प्राध्यापक, सांगली

आपल्याला फळे आणि पाव यांवर राहण्याची मुळीच गरज पडणार नाही. पडली तर तेच महाग पडेल. सिंगापूरमध्ये कमी खर्चात जेवणे म्हणजे हॉकर सेंटरमध्ये जेवणे. हॉकर म्हणजे फेरीवाले. एके काळी हे विक्रेते रस्त्याच्या कडेला गाड्यांवर अन्न विकीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची नोंदणी झाली, आणि १९७१ ते १९८६ या काळात नळाचे पाणी व सांडपाण्याची सोय असलेल्या छपराखाली त्यांना टप्प्याटप्प्याने हलविण्यात आले. आज अशी ११०हून अधिक केंद्रे शहरभर आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. वारसा म्हटला की आपल्याला तिकीटखिडकी आठवते. हा वारसा पाच-सहा डॉलरांत पोटभर जेवू घालतो.

तेथील रीत अशी. मधोमध स्थिर बाके आणि मेजे, सभोवती एकेका पदार्थाचे गाळे. आधी जागा धरायची आणि मग पदार्थ आणायला जायचे. जागा धरण्यासाठी मेजावर कागदी रुमालांचे पाकीट किंवा छत्री ठेवतात. याला तेथे ‘चोप’ करणे म्हणतात. पहिल्या खेपेस ते पाकीट कोणी विसरून गेले असावे असे समजून मी ते इमानदारीने शेजारच्या मेजावरील बाईंना नेऊन दिले, आणि तेवढ्यात नूडल्सचे दोन वाडगे घेऊन खरा मालक येऊन उभा राहिला. जेवून झाल्यावर ताटे ठरलेल्या मांडणीवर स्वतः नेऊन ठेवावी लागतात. सप्टेंबर २०२१ पासून ही सक्ती आहे आणि पुन्हा पुन्हा कुचराई करणाऱ्यास दंड होऊ शकतो. बरेचसे गाळेवाले स्थानिक मोबाइल प्रणालीवर किंवा रोखीने पैसे घेतात आणि आपले कार्ड तेथे चालेलच असे नाही, म्हणून दोन, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा खिशात असाव्यात.

शाकाहाराची तीन ठिकाणे लक्षात ठेवावीत. पहिले अर्थातच लिटल इंडिया. तेथील टेक्का सेंटरमध्ये डोशाला ‘थोसै’ म्हणतात आणि तो दोन-तीन डॉलरांपासून मिळतो. सेरंगून रस्त्यावरील ‘कोमल विलास’ हे शाकाहारी उपाहारगृह १९४७ पासून चालू आहे. दुसरा पर्याय चिनी शाकाहारी गाळ्यांचा, आणि हा आपल्याकडील प्रवाशांना बहुधा ठाऊकच नसतो. फलकावर 素 हे अक्षर दिसले की तो गाळा शाकाहारी समजावा. बौद्ध परंपरेतील हे अन्न अनेकदा कांदा-लसणाशिवायही असते. भात आणि पुढ्यात मांडलेल्या भाज्यांपैकी दोन-तीन बोटाने दाखवायच्या, की साधारण चार ते पाच डॉलरांत ताट तयार होते. त्यांत मांसासारखे दिसणारे तुकडे दिसले तर दचकू नये, ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात. चिनी पंचांगातील महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ चिनी माणसे शाकाहार पाळतात, त्या दिवशी या गाळ्यांसमोर आपल्या एकादशीच्या फराळासारखी गर्दी असते. तिसरे ठिकाण म्हणजे मिडल रोडवरील ‘फॉर्च्युन सेंटर’ ही इमारत. तेथे शाकाहारी खानावळी एकीला लागून एक आहेत. तेथून चालत वॉटर्लू स्ट्रीटवर गेलात, तर क्वान यिन या बौद्ध देवीचे चिनी मंदिर आणि त्याला जवळजवळ खेटून श्रीकृष्णाचे मंदिर दिसेल. पहिल्या मंदिरातून निघालेले चिनी भाविक उदबत्त्या घेऊन कृष्णापुढेही हात जोडतात. हे पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून जेवणाच्या उत्तरातच सांगून टाकले.

आता सावधगिरी. रोटी पराठा (तेथे ‘प्राटा’) बिनअंड्याचा मागितला तरी सोबतची पातळ भाजी मटणाची किंवा माशाची असू शकते. ‘डाल’ असे स्पष्ट सांगावे. ‘सांबल’ नावाच्या लाल चटणीत सुक्या कोळंबीपासून केलेला मसाला बहुधा असतोच. ‘कॅरट केक’ हा पदार्थ गाजराचा नाही आणि केकही नाही. तो तांदळाचे पीठ व मुळा यांच्या वड्या अंड्यात परतून करतात, तेव्हा वहिनींसाठी तो वर्ज्य समजावा. नुसत्या भाज्या घातलेले सूपही हाडांच्या रश्शावर केलेले असू शकते. ‘मांस नको’ एवढ्या सांगण्याने भागत नाही. ‘व्हेजिटेरियन, नो एग, नो सीफूड’ असे तिन्ही शब्द उच्चारावेत.

चहा-कॉफीची तेथे स्वतंत्र परिभाषा आहे आणि ती शिकण्यात मौज आहे. नुसते ‘कोपी’ म्हटले की आटवलेल्या गोड दुधाची कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखर घातलेली. ‘कोपी-सी’ म्हणजे बिनगोडाच्या आटीव दुधाची, साखर वेगळी घातलेली. शेवटी ‘कोसोंग’ जोडले की साखर गळते (मलय भाषेत या शब्दाचा अर्थच ‘रिकामे’ असा आहे), आणि ‘स्यू दाय’ म्हटले की ती कमी होते. कॉफीऐवजी चहा हवा असेल तर ‘कोपी’च्या जागी ‘तेह’ ठेवावे. ‘तेह हालिया’ हा आल्याचा चहा तर आपल्याला घरची आठवण करून देईल. हे सारे दीड-दोन डॉलरांत. तीच कॉफी वातानुकूलित दुकानात काचेआड बसून घेतली, की सहा-सात डॉलर मोजावे लागतात. उपाहारगृहाच्या दरपत्रकात किमतीपुढे अधिकाची दोन चिन्हे दिसली, तर तीवर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर नऊ टक्के वस्तू-सेवा कर लागणार हे ओळखावे. १०० डॉलरचे बिल ११९ डॉलर ९० सेंटचे होते. हॉकर गाळ्यांवर ही भानगड नसते. नळाचे पाणी निर्धास्तपणे प्यावे, बाटल्या विकत घेऊ नयेत.

प्रश्न : विमानतळावरून शहरात कसे जावे? पर्यटकांसाठीचा प्रवासाचा पास घ्यावा का? — एक वाचक, ठाणे

चांगी विमानतळाखालूनच मेट्रो सुटते. पुढच्याच एक्स्पो स्थानकावर उतरून डाउनटाउन मार्गाची गाडी धरली, की चायनाटाउन आणि पुढे बुगिस, रोचोर, लिटल इंडिया ही स्थानके त्याच मार्गावर येतात. खर्च दोन-अडीच डॉलर, म्हणजे टॅक्सीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही. मध्यरात्रीनंतर टॅक्सीच्या मीटरवर ५० टक्के अधिभार लागतो आणि विमानतळाचा अधिभार त्यावर वेगळा, तेव्हा विमान निवडताना उतरण्याची वेळ पाहावी. तिकिटात वाचलेले हजार रुपये टॅक्सीत जाऊ नयेत.

पास बहुतेकांना परवडत नाही. परदेशात चालणारे स्पर्शविरहित बँक कार्ड थेट मेट्रोच्या फाटकावर आणि बसच्या यंत्रावर टेकविता येते. भाडे अंतरानुसार साधारण सव्वा ते अडीच डॉलर असते आणि बसमधून मेट्रोत किंवा मेट्रोतून बसमध्ये ठरावीक वेळेत बदल केला, तर तो एकच प्रवास धरला जातो. परदेशी कार्डावर तेथील यंत्रणा रोज काही सेंट शुल्क घेते आणि आपली बँकही विनिमयाचा हिस्सा कापते, म्हणून चार-पाच दिवसांहून अधिक राहणाऱ्याने तेथील ईझी-लिंक हे प्रवासाचे कार्ड घ्यावे. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते; एकाच कार्डावर नवरा-बायको दोघांना आत शिरता येत नाही. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायला विसरू नये, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. माझे दोनदा कापले गेले आहे. आणखी एक सूचना अशी, की घाई नसेल तेव्हा मेट्रोऐवजी दुमजली बस घ्यावी आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसावे. पर्यटकांच्या उघड्या बसचे तिकीट कित्येक पटींनी महाग असते आणि ती वसाहतींतून जातही नाही.

प्रश्न : सिंगापूरमध्ये पाहण्यासारखे सगळे तिकीट काढूनच पाहावे लागते, असे आमच्या सहल कंपनीच्या माहितीपत्रकावरून वाटले. हे खरे आहे का? — एक गृहिणी, सोलापूर

माहितीपत्रक तिकिटांचेच असते, म्हणून तसे वाटते. ‘गार्डन्स बाय द बे’ हे २०१२ मध्ये खुले झालेले उद्यान घ्या. काचेच्या दोन प्रचंड घुमटांना तिकीट आहे; परंतु बाहेरचे सारे उद्यान, २५ ते ५० मीटर उंचीचे पोलादी ‘महावृक्ष’ आणि त्यांच्यावर रोज संध्याकाळी पावणेआठ व पावणेनऊ वाजता होणारा दिव्यांचा व संगीताचा खेळ विनामूल्य आहे. सिमेंटच्या कट्ट्यावर उताणे पडून तो पाहावा. तेथे सगळेच तसे पाहतात. तेथून चालत खाडीच्या काठी आले, की समोरच्या तीन मनोऱ्यांच्या हॉटेलपुढचा पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळही फुकट. त्या हॉटेलच्या गच्चीवर जाण्यासाठी तीसहून अधिक डॉलर मोजण्यापेक्षा डक्स्टन भागातील ५० मजली सरकारी वसाहतीच्या गच्चीवर जावे. सात इमारतींना जोडणाऱ्या तिच्या पुलावर बाहेरच्या माणसाला जेमतेम सहा-सात डॉलरांत जाता येते, आणि जाताना खालच्या मजल्यांवर वाळत घातलेले कपडेही दिसतात. रोज मर्यादित लोकांनाच सोडतात, म्हणून लवकर पोहोचावे.

१८५९ मध्ये स्थापन झालेले आणि २०१५ पासून जागतिक वारसास्थळ असलेले वनस्पती उद्यान पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत विनामूल्य खुले असते. त्यातील ऑर्किडच्या भागालाच काय ते तिकीट. ज्यांना पायांची सवय आहे त्यांनी हार्बरफ्रंटपासून माउंट फेबरची टेकडी चढून दक्षिणेकडील डोंगररांगेची सुमारे दहा किलोमीटरची वाट धरावी. तिच्यावर रस्त्यापासून ३६ मीटर उंचीवर हेंडरसन वेव्हज नावाचा लाटांसारखा वळत जाणारा २७४ मीटर लांबीचा लाकडी पादचारी पूल आहे. तिकडच्या लोकांनी ‘टेकडी’ला दिलेला मान पाहून सह्याद्रीच्या माणसाला थोडे हसू येईल, पण ही वाट सुंदर आहे आणि संध्याकाळी तिच्यावर पर्यटकांपेक्षा कामावरून परतलेली माणसेच अधिक असतात.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते पुलाउ उबिन हे बेट. ताना मेराह स्थानकापासून दोन क्रमांकाच्या बसने चांगी व्हिलेजला जावे. तेथील धक्क्यावरून लाकडी होड्या सुटतात. वेळापत्रक नाही, बारा माणसे जमली की होडी निघते, माणशी सुमारे चार डॉलर रोख. आपल्याकडच्या सहा आसनी रिक्षांप्रमाणे शेवटचे दोन प्रवासी येईपर्यंत सगळे एकमेकांकडे पाहत बसतात. दहा-पंधरा मिनिटांत आपण अशा बेटावर उतरतो, जेथे उंच इमारत नाही, पत्र्याच्या छपरांची घरे, नारळी, रानडुकरे आणि भाड्याच्या सायकली आहेत. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा येथे खारफुटीतून लाकडी पायवाट काढली आहे. गृहसंकुले उभी राहण्याआधी सिंगापूर कसे होते याची कल्पना येथे येते. पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नये.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ‘धोबी घाट’ स्थानकावर जरूर उतरावे. हो, नाव तेच आहे. एके काळी भारतीय धोबी जवळच्या ओढ्यावर कपडे धूत, त्यावरून ते पडले. स्थानकाच्या बाहेरच कॅथे इमारतीचा जुना दर्शनी भाग जपून ठेवलेला आहे. याच इमारतीतील चित्रपटगृहात २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. तेथून चालत एस्प्लनेड उद्यानात गेले, की आझाद हिंद सेनेच्या हुतात्मा स्मारकाची खूण दिसते. मूळ स्मारक १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिशांनी उद्ध्वस्त केले; १९९५ मध्ये त्या जागी आजची खूण उभारण्यात आली. सहलींच्या बस जवळच्याच सिंहमुखी माशाच्या पुतळ्यापाशी थांबतात आणि छायाचित्रे काढून परततात, त्यामुळे येथे बहुधा निवांतपणा असतो.

दुपारी बारा ते तीन या वेळेत मात्र उघड्यावर फिरू नये. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसावे, किंवा मॅक्सवेल रस्त्यावरील नगररचना दालनात संपूर्ण मध्यवर्ती शहराची प्रतिकृती पाहावी. दोन्ही विनामूल्य आणि थंडगार आहेत. मोठी संग्रहालये नागरिकांना फुकट असली तरी परदेशी माणसाला तिकीट पडते.

प्रश्न : सामानात काय नेऊ नये? — एक वाचक, जळगाव

गुटखा, खैनी, जर्दा, तंबाखूची डबी यांपैकी काहीही नको. चघळण्याच्या तंबाखूवर तेथे बंदी आहे आणि ‘स्वतःपुरती’ ही सबब चालत नाही. ई-सिगारेट नको. साध्या सिगारेटींनाही करमाफी नाही. एक पाकीट नेले तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो. च्युइंग गमची आयात १९९२ पासून बंद आहे. आणि आपल्या लोकांच्या मनातही येत नाही अशी गोष्ट म्हणजे खसखस. तिच्यात मॉर्फीनचा अंश असू शकतो म्हणून तिच्या आयातीवर तेथे निर्बंध आहेत, तेव्हा मसाल्याच्या डब्यातील पुडी आणि दिवाळीत नातेवाइकांसाठी बांधून दिलेले अनारसे दोन्ही घरीच ठेवावेत. चकली आणि शंकरपाळे खुशाल न्यावेत.

नेण्याच्या गोष्टी : छत्री, पाण्याची बाटली, लवकर वाळणारे कपडे. पाऊस बाराही महिने पडू शकतो. नोव्हेंबर ते जानेवारीत तो अधिक असतो.

प्रश्न : मुलगी एकटीच जाणार म्हणते. वय २३. रात्री-अपरात्री फिरणे सुरक्षित आहे का? — एक आई, पुणे

आपली काळजी समजते. परंतु एकट्या मुलीने पहिला परदेश प्रवास करण्यासाठी आशियात याहून सोयीचे शहर सांगणे मला कठीण जाईल. रात्री अकराला बसमधून एकटीने परतणे तेथे नित्याचे आहे. जपायचे ते कागदपत्रांना. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत आधीच काढावा. आगमनाचे ऑनलाइन पत्रक पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचे असते आणि त्याला शुल्क नसते. शुल्क मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बंद करावे. तेथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सवही होतो, त्यामुळे मराठी बोलणारे कोणी भेटणारच नाही असेही नाही.

प्रश्न : आमचे परतीचे विमान पहाटे दोनला आहे आणि हॉस्टेल सकाळी अकराला सोडायचे आहे. मधल्या वेळेसाठी आणखी एक रात्र घ्यावी का? — एक वाचक, पणजी

घेऊ नये. बहुतेक हॉस्टेले खाट सोडल्यावरही संध्याकाळपर्यंत सामान ठेवू देतात आणि काही ठिकाणी अंघोळही करू देतात; आदल्या दिवशी विचारून ठेवावे. रात्री नऊच्या सुमारास मेट्रोने विमानतळ गाठावा. विमानतळाला जोडून २०१९ मध्ये उघडलेले ‘ज्युएल’ हे दुकाने-उपाहारगृहांचे संकुल आहे. त्याच्या काचेच्या छतातून ४० मीटर उंचीचा धबधबा खाली कोसळतो आणि अंधार पडल्यावर त्यावर प्रकाशाचे खेळ होतात. तो पाहायला विमानाचे तिकीटही लागत नाही. तेथील उपाहारगृहांचे दर मात्र पर्यटकांचे आहेत. विमानतळावरील कर्मचाऱ्यांसाठी चालविलेल्या खानावळी प्रवाशांनाही खुल्या असतात; चौकशीच्या खिडकीवर ‘स्टाफ कॅन्टीन’ असे विचारले, की वाट दाखवितात. बाहेरच्यांना कर्मचाऱ्यांपेक्षा थोडा अधिक दर पडतो, तरी उरलेल्या नाण्यांत भात, भाजी आणि एक कोपी सहज येते. सुरक्षा तपासणीच्या आत जाण्यापूर्वीच हे उरकून घ्यावे.